पाच नंबरचं बटण

पारडी, नागपूर
२४ मार्च २०२५

रुपराव,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. माझा हात वळला नाही म्हणून लिहिला नाही.

पत्र पाहून हसशील. हस. तू माझा नंबर तुझ्या फोनात बंद करून टाकलास, मग मी काय करू? प्रेमलतानं आपल्या जावेला, सत्यवतीला सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर दिवाळीपासून मी समजत होतो की तुमच्या सोसायटीत रेंज नसते. मोठ्या भावाचा नंबर बंद! मी काय तुला कर्ज विकायला फोन करत होतो? टपाल मात्र तुला बंद करता येणार नाही. पोस्टमन दारात येईल आणि तुला सही करावी लागेल.

दिवाळीत तू चार माणसांसमोर म्हणालास, "तुह्या हलगर्जीपणानं मायचे डोळे गेले." मी सातवी शिकलेला मापारी. जन्म कळमन्याच्या यार्डात धान्य तोलण्यात गेला. पण डॉक्टरनं काय सांगितलं ते मला समजतं. काचबिंदू आवाज न करता येतो आणि गेलेली नजर परत येत नाही. मायनं कधी म्हटलं नाही की मला दिसत नाही. ती तांदूळ निवडत होती, कणीक मळत होती, दारात उभी राहून जाणाऱ्याला ओळखत होती. सगळं हातानं आणि कानानं चाललं होतं, ते आम्हाला कळलं नाही. तू वर्षातून दोनदा येतोस, तुला तरी कळलं का? मग सगळं माझ्याच डोक्यावर काहून?

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू दिलेल्या फोनासाठी आहे.

स्टेशनला निघताना तू तो काचेचा फोन मायच्या हातात ठेवलास आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालास, "माय, हे बाजूचं बटन दाबून धर अन् माहं नाव घे. लागते फोन." माय म्हणाली, "बरं बाबू." तू ऑटोत बसलास. तुझं काम झालं.

तो फोन तिच्या कामाचा नाही. बाजूचं ते एक सोडलं तर त्याला बटणच नाही, नुसती काच. मायच्या बोटांना काच म्हणजे काहीच नाही. ताट तिला कळतं, कारण ताटाला काठ असतो. तू फोन करतोस तेव्हा तो वाजतो, हे खरं. पण उचलायचा तर काचेवर बोट एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घासायचं. ती पोळपाट पुसल्यासारखी घासते आणि फोन बंद होतो. तू समजतोस मी बंद केला. तसं प्रेमलताजवळ बोललासही. माझ्यापर्यंत सगळं येतं.

आणि तो मेला फोन दुपारी गाणी लावतो. वरातीत डीजेवर वाजतात तसली. कूलरच्या घरघरीतसुद्धा मला ऐकू येतात. परवा मी खोलीत जाऊन म्हटलं, "माय, हे काय लावून राहिली तू?" तर म्हणते, "वाजू दे. बंद होते आपोआप." नव्वदीला आलेल्या बाईच्या उशाशी असली गाणी. वा रे पुण्याची हुशारी!

मी सीताबर्डीला जाऊन तिच्यासाठी साधा बटणांचा फोन आणणार आहे. तुझा तुला परत पाठवीन.

धोंडबा


पारडी
९ एप्रिल

रुपराव,

पत्र पोचलं असं कळलं. "यांनी वाचलं अन् कपाटात ठेवलं," असं प्रेमलता सत्यवतीला म्हणाली. ठेव. हेही ठेव. कपाट तुझं आहे.

फोन घेतला. कसा घेतला ते लिहितो, कारण तुला वाटतं दुकानात गेलं, पैसे फेकले की झालं. दुकानातल्या पोराला म्हटलं, साधा फोन दाखव. तो म्हणाला, "काका, कोनासाठी पायजे?"

"मायसाठी."

त्यानं माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. "तुमच्या मायसाठी? हाये का अजून?"

"हाये. म्हून तं आलो."

"मंग हा घ्या. स्क्रीन मोठी हाये, फोटो मस्त दिसते."

"तिले दिसत नाही."

"मंग व्हिडिओ कॉल करा न तुमी."

"अरे बाबा, दिसत नाही म्हून राहिलो!"

शेवटी त्यानं बटणांचे फोन काउंटरवर मांडले. मी डोळे मिटले आणि एकेक हातात घेऊन चाचपायला लागलो. त्यानं माझा खांदा धरला. "काका, चक्कर आली का? पानी देऊ?"

"ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी घेऊन राहिलो, डोळे मिटूनच पाहीन न."

मग सगळं दुकान माझ्याकडे पाहायला लागलं. पाहू दे. एका फोनाची बटणं एकमेकांना चिकटलेली, सबंध पट्टीच. एकाची इतकी बारीक की माझ्या अंगठ्याखाली तीन. एक चांगला होता, पण आकडे इंग्रजीत बोलत होता. मायला इंग्रजी बोलणारा फोन म्हणजे सरकारी दवाखानाच झाला. मग एक मोठ्या बटणांचा, खास म्हाताऱ्यांचा म्हणून दाखवला. तो घेतला आणि फसलो.

त्याच्या पाठीवर लाल बटण होतं. संकटात दाबायचं. मायनं फोन हातात घेतला, आणि सगळ्यांत मोठं बटण तेच, म्हणून तेच आधी सापडलं. असा भोंगा वाजला की यमुताई शेजारून पाण्याची बादली घेऊन धावत आली. तिला वाटलं आग लागली. गल्ली दारात गोळा. माय आपली खाटेवर बसून, फोन मांडीवर, मला सांगते, "धोंडबा, पाह्य गा, कोनाची गाडी आली."

दुसऱ्या दिवशी उन्हात परत सीताबर्डी. पोरगा म्हणाला, "काका, हा तं सगळे म्हातारे नेते." म्हटलं, "नेत असतील. त्याइच्या शेजारी यमुताई नसंल." बदलून घेतला.

आता जो आणला तो दीड हजाराच्या आतला आहे. बटणं सुटी आणि उंच, तुरीच्या दाण्यासारखी. आकडा दाबला की हिंदीतून बोलतो. फोन आला की नुसतं कोणतंही बटण दाबायचं, उचलला जातो. आवाज मोठा. चार्जिंगचं भोक खालच्या बाजूला, तेही तिनं बोटानं शोधलं. आणि असल्या फोनात पाचाच्या बटणावर एक बारीक ठिपका असतो. तुला माहीत नसेल. मला तरी कुठं माहीत होतं?

तोच एक ठिपका तिला सापडतो. एवढी वर्षं विड्या वळून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत, त्यात साखरेच्या दुखण्यानं बधिर. बाकीची बटणं ती अंदाजानं दाबते आणि चुकते. दोनाच्या बटणावर सत्यवतीनं आपली टिकली लावून पाहिली. संध्याकाळी ती टिकली मायच्या गालावर होती.

म्हणजे मायच्या कामाचं बटण एकच. पाचाचं. ते दाबून धरलं की ज्याचा नंबर त्यावर भरला त्याला फोन लागतो. मी माझा भरला. तुझा भरला नाही. मुद्दाम नाही भरला, लपवत नाही. माय न्हाणीत घसरली तर कोण धावणार? मी, की पुण्याहून तू? आणि तू माझा नंबर बंद करायचा आणि मी तुझा भरायचा, हा कुठला न्याय?

परवा मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. खिशातला फोन वाजला. "कोन?" म्हटलं.

"मी. तुही माय."

"काय झालं?"

"काही नाही. लागते का पाहिलं."

भिंतीपलीकडून तिचा आवाज आधी येत होता आणि मग फोनातून. आता रोज एकदा तरी लावते. जेवला का, पाणी भरलं का, यमुताई कोणाशी भांडते आहे. मला फोन येतात कोणाचे? बँकेचे आणि विमावाल्यांचे. तरी मी लगेच उचलत नाही, दोनदा वाजू देतो.

तुझा फोन परत पाठवायला मागितला तर देत नाही. उशीखाली ठेवते, सत्यवतीकडून चार्ज करून घेते. "राहू दे थो," म्हणते. गाण्यांचा नाद लागला दिसतो.

धोंडबा


पारडी
१९ एप्रिल

रुपराव,

आज रागात लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. किंवा नको घेऊस.

प्रेमलताचा निरोप आला. तू ११ मेला येणार, मायला घेऊन जाणार, दोन तिकिटं परतीची काढली. मला विचारलं नाही. तिला विचारलं नाही. ती काय कळमन्यातलं पोतं आहे, कोणाच्याही ट्रकवर चढवायला?

आणि वर तुझी अट. म्हणे, "माय एकदा तरी सोताहून मले फोन लावून म्हणू दे की तिले तिथंच राह्यचं हाये, मंग मी येनार नाही. दिवाळीपासून तिनं एक फोन नाही केला. दादा करू देत नाही." सत्यवतीच्या फोनवरून बोलणं तुला चालत नाही. उसना फोन, आम्ही बाजूला उभे, ती मनातलं कसं बोलेल म्हणतोस. बरं, मान्य. त्या फोनवर तुम्ही दोघं बोलता तरी काय? "जेवला का?" "हो माय." "बरा हायेस न?" "हो माय." संपलं.

तुझं पुण्याचं घर मी पाहिलं आहे. अकरावा मजला. फरशी अशी गुळगुळीत की मी डोळस माणूस मोजे घालून घसरलो होतो. इथं मायला खाटेपासून न्हाणीपर्यंतची भिंत पाठ आहे. कुठं पोपडा आहे, कुठं खिळा आहे, कुठं कोपरा वळतो, सगळं तिच्या तळहातात आहे. दारात बसली की कोणाची सायकल, कोणाची गाडी, ओळखते. भाजीवाली तिला हाक मारल्याशिवाय पुढे जात नाही. तिथं तिला कोण हाक मारेल? लिफ्ट? तुम्ही दोघं दार ओढून बाजारात जाल आणि ती अनोळखी भिंतीला हात लावून बसेल. उरलेसुरले दिवस तिनं नवीन भिंत पाठ करण्यात घालवायचे?

मी तिला विचारलं. सत्यवती साक्षीला होती.

"माय, तुले पुण्याले जायचं हाये?"

"मले नाही जायचं."

"मंग त्याले सांग तसं."

"सांगीन."

"कदी सांगशीन? फोन हाये न तुह्याजवळ. त्यानंच देल्ला. त्यानंच शिकवला. लाव."

ती तोंड भिंतीकडे करून निजली. आणखी दोनदा विचारलं, दोनदा तेच.

तर आता ऐक. फोन तुझाच आहे, उशाशी आहे, चार्ज आहे. एक बटण आणि तुझं नाव, एवढंच लागतं, तूच म्हणालास. मी तिचे हात बांधले नाहीत. तरी ती लावत नाही. याचा अर्थ तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला मी सांगावा का? तिला तुझ्याशी बोलायचं नाही, रुपराव. मला ती रोज फोन करते. एकाच घरात असून करते. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही.

ये ११ मेला. दार उघडं असेल. रिकाम्या हातानं जाशील.

धोंडबा


पारडी
२९ एप्रिल

चि. रुपराव,

आज वर चि. लिहिलं आहे. राग गेला असं समजू नकोस. राग आहेच. फक्त कोणावर काढावा ते कळेनासं झालं आहे.

काल दुपारी लाईन गेली. कूलर बंद पडला. तुला आपल्या घरातली दुपार आठवते का, माहीत नाही. कूलर चालू असला की शेजारच्या खोलीत भांडं पडलं तरी कळत नाही. तो थांबला आणि मी घामानं जागा झालो. मायच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. सत्यवती बाहेर गेली होती. वाटलं यमुताई येऊन बसली असेल. उठून दारापर्यंत गेलो. माय एकटीच होती. तुझा फोन तोंडासमोर धरून, मान वाकवून, शेजारणीजवळ साखर मागावी तशा आवाजात म्हणत होती,

"बाबूले लाव वं बाई."

फोनातली बाई म्हणाली, "बाबू नावाचं कोणी सापडलं नाही."

"अवं, पुण्याचा. माहा लहान. त्यानंच तं ठेवलं न तुले इथं."

"मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"थो वं, नोकरीवाला. आता रिटायर झाला. चष्मा लावते. बाबू."

फोन टुंग करून वाजला आणि गाणं सुरू झालं. बाबू, बाबू करणारं, ढोलासकट. माय ऐकत राहिली. मला वाटतं, ती गाणं संपायची वाट पाहत होती, की मग तू बोलशील. गाणं संपलं, दुसरं लागलं. तेव्हा म्हणाली, "नाच आता. तुले बी दुसरं काम नाही." आणि फोन उशीखाली दाबला. उशीतूनही वाजत होता.

ही ती गाणी, रुपराव. ज्यांच्यावर मी तुला पहिल्या पत्रात शिव्या दिल्या.

मी आत जाऊन म्हटलं, "माय, बाबू नको म्हणू. नाव घे न त्याचं. रुपराव म्हण. लागते."

ती दचकली. पदर डोक्यावर ओढला. "आयकून राहिला होता का गा?"

"नाव घे, मी सांगून राहिलो."

"कसं घेऊ?"

"काहून?"

"मामाजीचं नाव हाये न थे."

मामाजी म्हणजे आपले आजोबा, तिचे सासरे. ते वारले त्या वर्षी तू झालास आणि त्यांचं नाव तुला दिलं, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. ती तुला बाबू म्हणते हेही माहीत आहे. पण ती तुला बाबूच का म्हणते, हा विचार आपण शेवटचा कधी केला? तुझं नाव शाळेत घातलं तेव्हा मी बरोबर होतो. मास्तरांनी विचारलं, "पोराचं नाव काय?" मायनं मला पुढे ढकललं आणि मी सांगितलं, "रुपराव." मास्तर हसले. ते मला लख्ख आठवतं, आणि दिवाळीत तू "माहं नाव घे" म्हणालास तेव्हा मी तिथंच उभा होतो. तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. तिनं आपल्यासमोर "बरं बाबू" म्हटलं आणि आपण दोघं बैल पिशव्या उचलायला गेलो.

मी चिडून म्हटलं, "माय, थे यंत्र हाये. यंत्राले का समजते कोन सासरा अन् कोन पोरगा?"

"यंत्राले नाही समजत. मले समजते न."

"येवढी वर्सं झाली. आता कोन आयकते?"

मग तिनं सांगितलं. मी कधी ऐकलं नव्हतं. तू ऐकलं असशील तर माहीत नाही. "मी लगन होऊन आली तं पोरच होती. तापानं फनफनली. सासूबाई रामटेकच्या जत्रेले गेल्या होत्या. घरात बाई नाही. मामाजीनं सोता चूल पेटवली अन् तांदळाची पेज करून मले देल्ली. त्या काळी बाप्या मानसानं चुलीपाशी बसनं! लोक हासले त्याइले. त्याइनं आयकून घेतलं. त्याइचं नाव मी त्या काचेत ओरडू? दिवसातून तीनदा? अन् थे बाई म्हनन, सापडलं नाही?"

मी म्हटलं,

"मंग आमाले सांगाचं होतं न."

"कोनाले सांगू? तू बाबूचं नाव काढलं की भांडे आपटते. त्याले सांगू तं माहा फोन लागत नाही, अन् सुनेच्या फोनावर तुमी बाजूले उभे राह्यता. मले वाटे, आज ना उद्या समजंल त्या बाईले."

दिवाळीपासून, रुपराव. थंडीत मी बाहेर ओट्यावर उन्हात बसलो की, उन्हाळ्यात आम्ही पडलो की, रोज दुपारी. आणि तू तिकडे म्हणत होतास दादा करू देत नाही, आणि मी इकडे लिहीत होतो की तिला तुझ्याशी बोलायचं नाही. ते पत्र कपाटात असेल तर फाडून टाक. नको, राहू दे. वाचत जा आणि माझ्यावर चीड.

सत्यवती आली. तिला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती हसायलाच लागली.

"दोघं भाऊ मिळून सहा महिने भांडले! घरातल्या बाईमानसाले इचारलं असतं तं पानी पेता पेता सांगितलं असतं. मी तुमचं नाव घेतलं का कदी? पाहा माह्या फोनात."

तिच्या फोनात मी 'मोहितचे बाबा' आहे. इतकी वर्षं त्या नावानं माझा फोन लागतो, मला पत्ता नाही.

"तुमच्या भावाच्या डोक्शात बी नाही अन् तुमच्या बी नाही," ती म्हणाली. "तुमाले दोघाइले कोनाचं नाव घ्यायची बंदी हाये का? मंग कसं कळंन?"

यावर मी तिच्यावर ओरडलो. उगाच ओरडलो. पण ओरडलो.


३० एप्रिल, सकाळी

पत्र रात्री पुरं झालं नाही, पुढे लिहितो.

आज अक्षय तृतीया. आजोबांच्या नावानं घागर भरली. नाव मी घेतलं. दर वर्षी मीच घेतो आणि माय मागे हात जोडून उभी राहते. आज ते नाव घेताना मला तुझा चेहरा दिसला, चष्म्यासकट. राग आला.

घागर झाल्यावर तो बटणांचा फोन घेऊन बसलो. तुझ्या काचेच्या फोनात रुपरावचं बाबू केलं तरी झालं असतं, असं सत्यवती म्हणाली. पण तो उचलताना परत काच घासायची, आणि त्या बाईवर माझा भरवसा नाही. पुन्हा वरात काढेल. दोनाच्या बटणावर तुझा नंबर टाकून पाहिला. मायला म्हटलं, पाचाच्या वर. तिनं तीन दाबलं, मग एक, मग आठ. मी चिडलो, ती चिडली. "मले ठिपक्याचंच समजते," म्हणाली, "उगा छळू नको."

म्हणून पाचावरचा माझा नंबर काढला आणि तुझा टाकला. माझ्या हातानं टाकला. आकडे वाचायला चष्मा पुसून घ्यावा लागला. नाव विचारलं तिथं बाबू लिहिलं. आता तू फोन केलास तर फोन बाबू म्हणूनच ओरडेल आणि ती कोणतंही बटण दाबून उचलेल.

मी लगेच लाव म्हटलं. तिनं नाही लावला. "त्याले आधी कळव. एकदम मायचा फोन गेला तं घाबरंल. वाटंल काही झालं." म्हणून हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतो आहे. ती रविवारी, ४ तारखेला, दुपारी जेवण झाल्यावर लावेल. जवळ फोन ठेवून बस. उचललास की आधी तू बोल, कारण तिला कळत नाही लागला की नाही. आणि चुकूनसुद्धा "माहं नाव घे" म्हणू नकोस.

ती तुला काय सांगेल ते मला माहीत नाही. मला म्हणाली जायचं नाही. पण मी ज्या आवाजात विचारलं त्या आवाजाला दुसरं कोण काय म्हणेल? तुला वेगळं सांगेल कदाचित. मी कूलर चालू करून पलीकडच्या खोलीत पडून राहीन. ऐकणार नाही. सत्यवतीलाही बाहेर पाठवीन. तू विचार आणि ती म्हणेल ते मान. येते म्हणाली तर मी तिची पिशवी भरीन आणि तुला त्या भिंतीबद्दल सगळं सांगीन, कुठला हात कुठं ठेवते ते. राहते म्हणाली तरी तू ये. दुसरं तिकीट परत कर आणि ये. इथं चार दिवस राहा आणि माझ्याशी तोंडावर भांड. पत्रातून भांडून माझं समाधान होत नाही.

माझा नंबर तुझ्या फोनात अजून बंद असेल. असू दे. तो तुझ्या मनाचा प्रश्न आहे.

माझा नंबर आता मायच्या कुठल्याच बटणावर नाही. काल संध्याकाळपर्यंत रोज एकदा माझा फोन वाजायचा, आता वाजणार नाही. सवय होईल. तिला काही लागलं की ती खाटेवरून "धोंडबा!" म्हणून हाक मारते आणि मी जिथं असेन तिथं ऐकू येतं. माझं नाव तिला घेता येतं. मला बटण लागत नाही.

रविवारी उचल.

तुझा मोठा भाऊ,
धोंडबा